लोरेटाचे चार प्रश्न

डनलीथमध्ये हॉकी म्हणजे बर्फावरचीच. गवतावर खेळतात ती दुसरी हॉकी जगात कुठेतरी असते, हे लोकांना ऐकून माहीत होतं, पण त्यावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता.

या गावच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या संघाची ट्रेनर होती लोरेटा प्रोकोपचुक. ट्रेनर म्हटलं की काहीतरी शिकवत असेल असं वाटतं. तसं काही नव्हतं. कुणी पडली की बर्फावर जायचं आणि ती पुन्हा खेळण्याच्या अवस्थेत आहे का ते ठरवायचं, एवढंच तिचं काम. पोटापाण्यासाठी ती शाळेची बस चालवायची. हे काम फुकटाचं होतं, आणि गावात फुकटाचं काम एकदा गळ्यात पडलं की ते मरेपर्यंत निघत नाही. हॉकीच्या संघटनेने तिला दोन दिवसांचा वर्ग, एक लाल पिशवी आणि प्लॅस्टिकचं एक कार्ड दिलं होतं. त्या कार्डावर चार प्रश्न होते. आपण कुठल्या रिंकवर आहोत? कितवं सत्र चाललंय? मागचा सामना कुणाशी झाला? जिंकलो की हरलो?

डोक्याला मार लागलेल्या मुलीला हे विचारायचं. एक जरी उत्तर चुकलं तरी तिने त्या दिवशी परत उतरायचं नाही आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय पुढेही नाही. यात ट्रेनरचा शब्द शेवटचा, प्रशिक्षकाने मध्ये तोंड घालायचं नाही, असा नियमच होता. नियम चांगला होता. फक्त तो करणाऱ्यांनी ट्रेनरची बहीण प्रशिक्षकाची बायको असेल आणि संघातली सगळ्यात भारी पोरगी त्यांची मुलगी असेल, असा विचार केलेला नव्हता.

प्रशिक्षक गार्थ ब्योर्नसन, लोरेटाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. टेसा ही त्यांची मुलगी. टेसा लोरेटाला मावशी म्हणायची, म्हणून बघता बघता ती सगळ्या संघाचीच मावशी झाली. लोरेटाला स्वतःचं मूल नव्हतं. तिला हे मावशीपण आवडायचं. तोंडाने मात्र ती कटकट करायची, की एका भाचीने जीव नकोसा केला होता, आता सतरा झाल्या.

कार्ड तिला आता लागायचंही नाही. चारही प्रश्न ती एका दमात, एकाच सुरात, त्याच क्रमाने विचारायची. बसमध्ये ‘बसा, पाय आत घ्या, दप्तर मांडीवर’ म्हणायची, अगदी तसेच.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी दुपारी हॅलमशी शेवटचा सामना होता. मागच्या सामन्यात कॉर्बेटच्या संघाला चार-एक हरवून डनलीथ इथवर आलं होतं. जो जिंकेल तो प्रांताच्या स्पर्धेला जाणार. डनलीथच्या मुली तिथे कधीच गेलेल्या नव्हत्या. मुलगे जाऊन आले होते आणि त्यांचा फोटो रिंकच्या दारात, फ्राईजच्या तेलाने पिवळा पडून, लोंबत होता. त्या फोटोत गार्थ होता, सोळा वर्षांचा, डोक्यावर भरपूर केस. मुली येताजाता त्याला चिडवायच्या, की कोच, हा देखणा पोरगा कोण, कुठे गेला हो तो?

सामन्याआधी लोरेटा नेहमीप्रमाणे कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभी राहिली. शेजारी गोलकीपरची आई पॅम. दोन मोठी माणसं दारात हवीतच, एकटं कुणी नको, आणि आत फोन नको, हाही नियमच. सगळ्यांचे फोन आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत जमा व्हायचे आणि ती बादली पॅम पोटाशी धरून बसायची.

आतून घोषणा सुरू झाली. सतरा जणी हॉकीच्या काठ्या जमिनीवर आपटत होत्या. कप्तान मकेना विचारायची, बाकीच्या ओरडून उत्तर द्यायच्या.

“कुठल्या गोठ्यात?”

“आपल्या गोठ्यात!”

“कितवं सत्र?”

“पहिलं सत्र!”

“मागचं कोण?”

“कॉर्बेट!”

“मग काय झालं?”

“चार-एक!”

रिंकला सगळा गाव गोठाच म्हणायचा. पत्र्याचं छप्पर, आत कोंडलेला थंड वास, नाव शोभायचंच. ही घोषणा मुली ऑक्टोबरपासून देत होत्या, प्रत्येक सत्राआधी, न चुकता.

“बाकीचे संघ आपलं नाव ओरडतात,” पॅम म्हणाली. “आपल्या पोरी भूगोलाचा तास घेतात.”

“ओरडू दे गं. अंगात ऊब येते,” लोरेटा म्हणाली. तिचा पाय तालावर हलत होता.

सामना सुरू झाला. गाव झाडून आलं होतं. शिट्टी वाजवणारा पंच स्वतःच सोळाचा. त्याच्या दंडावर हिरवी पट्टी होती, म्हणजे हे लेकरू आहे, याला शिव्या देऊ नका, असं मोठ्या माणसांना सांगण्यासाठी. हॅलमचा एक बाप तरीही उभं राहून त्याच्या डोळ्यांची चौकशी करू लागला, तेव्हा मागच्या म्हातारीने त्याला टोपीने डिवचलं.

“खाली बस. हिरवी पट्टी दिसत नाही? मग डोळे कुणाचे गेलेत?”

लोक हसले, तो बसला. दोन सत्रं झाली. दोन-दोन. त्यातला डनलीथचा एक गोल टेसाचा.

तिसऱ्या, शेवटच्या सत्रात कोपऱ्यात निसटलेल्या पकच्या, त्या रबरी चकतीच्या, मागे टेसा गेली. तिच्यामागे हॅलमची एक दांडगी पोरगी. कुणाचा काही दोष नव्हता. दोघींचे स्केट एकमेकांत अडकले आणि टेसा डोकं पुढे करून कडेच्या फळ्यांवर गेली. फळ्यांवर रोज माणसं आदळतात. त्या आवाजाची गावाला सवय आहे. हा आवाज वेगळा होता, आणि फ्राईजच्या खिडकीपाशी रांगेत उभी असलेली माणसंही वळली.

लोरेटाने बुटांना काटे अडकवले, लाल पिशवी घेतली आणि बर्फावर गेली. दोन्ही संघांच्या मुली असतील तिथे एका गुडघ्यावर बसल्या. टेसा पालथी पडली होती, पण लोरेटा पोचेपर्यंत ती स्वतःहून वळली आणि उठून बसली. दोन्ही बाकांवरून काठ्यांचा टकटकाट झाला. उठली, बरं झालं, असं म्हणायची ती इथली रीत.

“मान दुखतेय?”

“नाही.”

“हातापायांची बोटं हलव. उलटी होईल असं वाटतंय?”

“नाही गं मावशी. सोड ना. मी ठीक आहे.”

तिचे डोळे उघडे होते, रंग जागेवर होता, आवाजही नेहमीचाच. लोरेटाच्या जिवात जीव आला. तिने प्रश्न सुरू केले.

“आपण कुठल्या रिंकवर आहोत?”

“आपल्या गोठ्यात.”

तेवढ्यात वरचा भोंगा खरखरला. खेळ थांबलाच आहे तर उरकून घेऊ, म्हणून निवेदकाने सोडतीच्या तिकिटाचा नंबर पुकारायला घेतला. तो त्याने दोनदा पुकारला, मग ज्याला लागली त्याला टाळ्या, मग कॅन्टीनमध्ये पेरोगी संपत आल्याची सूचना. लोरेटा गुडघ्यावर बसून दात-ओठ खात थांबली. भोंगा बंद झाला तेव्हा आपण कुठपर्यंत आलो होतो ते ती विसरली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा एक प्रश्न गळला.

“मागचा सामना कुणाशी झाला?” तिने विचारलं.

“तिसरं,” टेसा म्हणाली.

लोरेटाला वाटलं, आपल्याच कानात अजून भोंगा आहे.

“बरं. जिंकलो की हरलो?”

“कॉर्बेट.”

लोरेटा तिच्याकडे बघत राहिली. टेसाही शांतपणे तिच्याकडे बघत होती, धडा न चुकता म्हणणाऱ्या हुशार मुलीसारखी. मग कुणी काही विचारलेलं नसताना ती म्हणाली, “चार-एक.”

लोरेटाने मान वळवून बाकाकडे पाहिलं. सगळ्या जणी आपापल्या स्केटच्या नाड्या न्याहाळत होत्या. फक्त मकेना तिच्याकडे बघत होती, आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

‘कुठल्या गोठ्यात, कितवं सत्र, मागचं कोण, मग काय झालं.’ ऑक्टोबरपासून ही पोरं तिच्या नाकासमोर तिचंच कार्ड घोकत होती आणि ती दारात उभी राहून ताल धरत होती. लोरेटाला राग आला नाही, निदान तेव्हा तरी नाही.

तिने टेसाच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत मारलं. ट्रेनर लोकांची ही जुनी युक्ती. हेल्मेट नसलं की पोर कितीही हट्टी असली तरी बर्फावर जाऊ शकत नाही. टेसाला धरून तिने बाकाच्या टोकाला आणून बसवलं.

गार्थ आला. “काय झालं? बोलतेय की चांगली.”

“आज ती खेळणार नाही.”

“उत्तरं दिली ना तिने? मला ऐकू आली. सगळी बरोबर.”

“सगळी बरोबर. फक्त मी ते प्रश्न विचारले नव्हते.”

“म्हणजे?”

“म्हणजे मागचा सामना कुणाशी विचारलं तर म्हणते तिसरं.”

“अगं, त्या भोंग्यात ऐकू आलं नसेल. लोरेटा, वेळ किती उरलाय बघ. पुन्हा विचार. नीट विचार एकदा.”

“नाही विचारत.”

“हेल्मेट दे.”

“गार्थ, हेल्मेट घ्यायला तुला आधी मला आडवं करावं लागेल. आणि मग माझीही परीक्षा तुलाच घ्यावी लागेल.”

हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. गार्थला पोरीची काळजी नव्हती असं नाही. त्या क्षणी त्याला घड्याळ तेवढं दिसत होतं. तो हळू आवाजात म्हणाला, “घरातली माणसं अशी वागतात?”

ते बोलणं लोरेटाला लागलं. नाताळ, ईस्टर, सगळी जेवणं बहिणीच्याच टेबलावर व्हायची, आणि तिला जायला दुसरं टेबल नव्हतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं आणि हेल्मेट काखेतच राहिलं. पंचाने शिट्टी वाजवली. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “पोरगी चांगली बसलीय की! उतरवा तिला!” या वेळी टोपीने कुणी डिवचलं नाही.

हॅलमने तिसरा गोल मारला तेव्हा टेसा बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. गोल कुणी मारला हे तिला कळलं नसावं. गार्थने ते पाहिलं. त्यानंतर तो हेल्मेटबद्दल बोलला नाही, आणि घड्याळाकडेही त्याने फारसं पाहिलं नाही.

तीन-दोन. दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकींचे हात हातात घेत पुढे सरकले, चांगला खेळ, चांगला खेळ, चांगला खेळ. मुली रडत होत्या. हॅलमच्या त्या दांडग्या पोरीने रांग सोडून बाकाशी येऊन टेसाला विचारलं, बरी आहेस ना. टेसा म्हणाली, “हो, तू कोण?”

गार्थने बायकोला फोन लावला. मार्सी शहरातल्या हॉस्पिटलात नर्स होती आणि त्या दिवशी कामावरच होती. तिने नवऱ्याला जास्त बोलू दिलं नाही. रुग्णवाहिका कुठे आहे विचारलं, ती दुसऱ्या टोकाच्या शेतावर गेलीय म्हटल्यावर, जागी ठेवा, खायला देऊ नका, आत्ता निघा, म्हणाली.

गार्थ गाडी तापवायला गेला तेवढ्यात लोरेटा खोलीत शिरली, पॅमला बरोबर घेऊन. टेसाचे बूट बदलायचे होते. ती टेसासमोर गुडघ्यावर बसली आणि नाड्या सोडता सोडता, कुणाकडेही न बघता म्हणाली, “घोषणा कुणी केली?”

मकेना म्हणाली, “मी.”

“कशासाठी?”

“रेनसाठी.” मकेना नाक पुसत होती. “ऑक्टोबरात तू रेनला बसवलंस. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं मावशी. तिला फक्त मागचा सामना आठवला नाही. तिला कधीच आठवत नाही. तिला काल रात्री काय जेवली ते आठवत नाही.”

“खरंय,” कोपऱ्यातून रेन म्हणाली. “मला नाही आठवत.”

“दोन आठवडे बसली ती. नुसत्या विसरभोळेपणासाठी. मग आम्ही ठरवलं की सगळ्यांना आठवलं पाहिजे. तू नेहमी तेच विचारतेस. त्याच क्रमाने. आम्हाला काही फसवायचं नव्हतं.”

फसवायचं नव्हतं हे लोरेटाला पटलं. तेच जास्त वाईट होतं. डोळ्यांत धूळ फेकली असती तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मी कुणाला रागावणार नाही. कुणाच्या घरी आज भांडण होणार नाही, ते मी बघते. मला एवढंच सांगा. डोक्याला लागलं, गरगरत होतं, आणि तरी मला चार उत्तरं देऊन कोण कोण परत खेळायला गेली? हात वर करा.”

आधी मकेनाचा हात वर गेला. मग पॅमच्या मुलीचा, अजून गोलकीपरचा जाडजूड हातमोजा घातलेला. पॅमने बादली खाली ठेवली. मग खिडकीपाशी एक, तिच्या शेजारी एक, आणखी एक. लोरेटाने मोजायचं सोडून दिलं. या प्रत्येकीला तिने बर्फावर गुडघ्यावर बसून पाहिलं होतं, पाठीवर थाप मारून, जा, खेळ, म्हटलं होतं. एकीला तर शाबासकी दिली होती, काय खणखणीत उत्तरं देतेस म्हणून.

टेसाचाही हात वर होता. आधी कधी झालं होतं म्हणून, की सगळ्यांनी केला म्हणून तिने केला, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

दारात गार्थ उभा होता. गाडीची किल्ली हातात. तो किती वेळ तिथे होता कोण जाणे. मुलींनी त्याला पाहून हात खाली घेतले, टेसाने नाही. गार्थने पुढे येऊन तो हात धरून खाली आणला आणि तिला उठवलं.

पॅमने फोन बाकावर ओतले आणि रिकामी बादली लोरेटाच्या हातात दिली. “वाटेत लागेल,” ती म्हणाली. तिचं लक्ष आपल्या मुलीकडे होतं.

लोरेटा टेसाला घेऊन मागच्या सीटवर बसली. बाहेर अंधार पडला होता. दोन्ही बाजूंना शेतं, त्यांवर बर्फ, मध्ये सरळसोट रस्ता. गाव मागे पडलं आणि टेसाने बादलीत उलटी केली. लोरेटाने तिचं तोंड पुसलं.

“बाबा, जिंकलो का आपण?” टेसाने विचारलं.

“नाही बाळा. तीन-दोन.”

“अरेरे.”

थोडा रस्ता गेला.

“बाबा, जिंकलो का?”

गार्थने आरशातून लोरेटाकडे पाहिलं. मग म्हणाला, “नाही बाळा. तीन-दोन.”

“अरेरे,” टेसा म्हणाली. तेवढंच दुःख, तसंच, नव्याने.

तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी तो पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगत होता, त्याच हळू आवाजात. एकदाही तो चिडला नाही आणि एकदाही त्याने खोटं सांगितलं नाही. लोरेटाला त्याच्याबद्दल दुपारपासून जे काही वाटत होतं ते सगळं गेलं. रिंकवर तो जे बोलला ते तो पुढे कधी परत घेईल की नाही, याचीही तिला फिकीर उरली नाही.

“घरातली माणसं,” गार्थ एकदा मध्येच म्हणाला, आणि आरशात तिच्याकडे बघत राहिला.

“रस्त्याकडे बघ,” लोरेटा म्हणाली.

टेसा तिच्या खांद्यावर डोकं टेकून खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर काही नव्हतं. बराच वेळ ती गप्प होती, इतका वेळ की लोरेटाने तिचा हात दाबून पाहिला. मग ती जरा घाबरलेल्या आवाजात म्हणाली, “मावशी, आपण कुठे आहोत?”

हा प्रश्न लोरेटाने आजवर कितीकदा विचारला होता. तो असा विचारतात हे तिला माहीत नव्हतं.

“गाडीत आहोत, राजा. मी आहे, बाबा आहे. आईकडे चाललोय.”

“बरं,” टेसा म्हणाली. आणि मग, “मावशी, आपण कुठे आहोत?”

गार्थने गाडीचा वेग वाढवला.